तिचं गाणं मोठं होत गेलं

जर्मनीला कंपनीनं मला पाठवलं होतं. ती माझ्याबरोबर आली, कारण आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि माझी आई म्हणाली, "एकट्यानंच जायचं होतं तर लग्न कशाला केलंस?"

चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनतात. मूळ कंपनी तिकडची. इथं नवीन मशिन येणार होतं, ते आधी तिकडे जाऊन शिकायचं, एवढंच माझं काम. एका लहान गावात आम्हाला दोन खोल्यांचं घर मिळालं. मी सकाळी सायकलवर कामाला जायचो, आणि दिवसभर ती घरात एकटी असायची.

ती संत तुकाराम नगरची. तिचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते, तिथूनच रिटायर झाले. त्यांची स्वतःची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी आणि मागे सूर धरणारे दोन-तीन जण. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत चौकाचौकातून त्यांचे कार्यक्रम व्हायचे. तिची आई ती शाळेत असतानाच गेली, त्यामुळे संध्याकाळी घरी कोण बघणार म्हणून ते तिलाही कार्यक्रमाला घेऊन जायचे, आणि घेऊन जायचे म्हणून ती गायला लागली. लग्नाच्या बोलणीच्या वेळी ते माझ्या आईला सरळ म्हणाले होते, "पोरीला सैपाक बेताचा येतो. गाणं येतं. ते बंद करायला लावणार असाल तर चहा घ्या आन् निघा." आई हसली. मलाही तो माणूस आवडला होता.

तर त्या गावात ती स्वयंपाक करताना गायची. एका शनिवारी खालच्या मजल्यावरचे आजोबा जिना चढून आले. आम्हाला वाटलं, झालं, तक्रार आली. त्यांना धाप लागली होती. ते म्हणाले, आमच्या चर्चमध्ये दर रविवारी काही लोक मिळून गातात, बायकांचे आवाज कमी पडतायत, तुमची बायको येईल का?

"चर्चमध्ये?" ती मला म्हणाली. "आपल्याला चालतं का?"

"तुला जर्मन बोलायला मिळेल," मी म्हणालो.

ती जायला लागली. गाणं बसवणारा गृहस्थ तिला सारखं हातानं खाली, अजून खाली, असं खुणावायचा. सगळ्यांच्या आवाजात तिचा एकटीचा वेगळा ऐकू यायचा. ती घरी येऊन चिडायची, "खाली म्हणजे काय? गायचंच नाही का?" मग एकदा तिथं बसलेल्या एका वयस्क बाईंनी तिला थांबवलं. त्या पूर्वी ऑपेरात गायच्या, आता त्या गावात येऊन राहिल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्या आमच्या घरी आल्या आणि आमच्या त्या छोट्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून त्यांनी तिला गायला लावलं. तिनं जयंतीचं एक गाणं म्हटलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"हा आवाज कुणी तयार केला?" त्यांनी विचारलं. मी मध्ये दुभाष्या.

"वडिलांनी," ती म्हणाली. "ते म्हणायचे, माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "अवघड भाग त्यांनी करून ठेवलाय. बाकीचं मी बघते."

ऑपेरा म्हणजे काय हे तोवर आम्हा दोघांनाही धड माहीत नव्हतं. सगळं नाटक गाण्यातच. समोर पन्नास-साठ वाद्यं वाजत असतात, गाणाऱ्यापुढे माइक नसतो, आणि तरी आवाज त्या वाद्यांच्या वरून शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला पाहिजे. बायकांच्या आवाजातली सगळ्यात उंच पट्टी सोप्रानोची. ती त्यातली निघाली.

पुढचं दीड वर्ष ती त्या बाईंकडे रोज जात होती. बाईंनी कधी फी घेतली नाही. श्वास कुठून घ्यायचा, जीभ कुठं ठेवायची, तोंडाच्या आत जागा कशी करायची, हे सगळं ती पहिल्यापासून शिकली. घरी भांडी घासताना ती जांभई दिल्यासारखा घसा उघडून आ, आ करायची आणि मला हसू यायचं. त्याच काळात ती मला अहो म्हणायचं सोडून तू म्हणायला लागली. तिकडे कुणी कुणाला अहो म्हणत नाही, म्हणून असेल. मला ते आवडलं. ती दोन वर्षं आमची सगळ्यात चांगली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

बाईंनी तिला मोठ्या शहरातल्या संगीत महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसवलं. जगभरातून मुलं आली होती. तिची निवड झाली. आणि त्याच सुमारास माझी तिकडची मुदत संपली. मी तिकडेच राहण्यासाठी अर्ज केला, दुसऱ्या कंपन्यांतही विचारून पाहिलं. पण गाड्यांच्या धंद्याला तेव्हापासूनच उतरती कळा लागली होती, ते आपलीच माणसं कमी करत होते. आमची निघायची तयारी चालू असताना पिंपरीहून फोन आला. तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. डावा हात आणि डावा पाय गेला.

ती परत यायला निघाली होती. बॅगही भरली होती. तिच्या वडिलांनी हॉस्पिटलमधून फोन केला, मी शेजारी बसून ऐकत होतो.

"माझ्या पायासाठी गाणं टाकून आलीस तर मी दार उघडणार न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "तसंही दार उघडायला उठता कुठं येतंय मला."

ती रडत रडत हसली. आणि तिकडेच थांबली. विमानतळावर मला म्हणाली, "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." मीही तेच म्हणालो. मी इकडे आलो तो थेट संत तुकाराम नगरला, सासऱ्यांच्या घरी राहायला गेलो. माझे आईवडील निगडीला भावाकडे होते. आई म्हणाली, "घरजावई झालास म्हणजे." मी म्हणालो, "त्यांना दुसरं कोण आहे?"

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. दिवसा त्यांना बघायला पगारी ठेवलेल्या एक मावशी असायच्या. मी चाकणहून परतलो की त्या जायच्या. मग मी मामांना खुर्चीत बसवायचो, हातापायाला तेल लावायचो, जेवण वाढायचो. त्यांचं बोलणं शाबूत होतं, थोडं जड झालं होतं इतकंच. गाणं मात्र गेलं. एकदोनदा त्यांनी सूर लावून पाहिला. फाटक्या आवाजात काहीतरी बाहेर पडलं. ते मला म्हणाले, "पेटी वर माळ्यावर टाका, जावईबापू. समोर दिसली की हात जातो."

दोन वर्षांची चार झाली. शिक्षण संपताच तिला एका थिएटरमध्ये छोट्या भूमिका मिळायला लागल्या. दासी, मैत्रीण, दोन ओळी गाऊन निघून जाणारी कुणीतरी. मग एका स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं. मग एका मोठ्या थिएटरमधली मुख्य गायिका आजारी पडली आणि हिला ऐनवेळी उभं केलं. तिथून सगळं भराभर होत गेलं. आज या देशात, पुढच्या महिन्यात त्या देशात. पुण्याच्या पेपरात तिचा फोटो आला. आमच्या चौकात तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यात तिच्या फोटोपेक्षा इच्छुक उमेदवारांचे फोटो मोठे होते.

आमचं बोलणं कमी होत गेलं, त्याचं कारण भांडण नव्हतं. प्रयोगाच्या दिवशी तिला बोलायची बंदी असायची, आवाजाला विश्रांती म्हणून. आदल्या दिवशीही शक्यतो नाही. प्रवासात विमानातल्या कोरड्या हवेनं घसा सुकतो, तेव्हाही नाही. सुरुवातीला ती लांब लांब मेसेज करायची. नंतर नुसतं 'आज गप्प' एवढंच यायचं. प्रयोगाची चित्रफीत आली की मी ती दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बघायचो. तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये बस थांबलेली असायची. शेजारचा विचारायचा, "काय राव, वहिनी गातायत का कुणावर ओरडतायत?" मी एक इअरफोन त्याच्या कानात घालायचो. तो थोडं ऐकून म्हणायचा, "भारीये. पण आपल्याला नाय कळत." मलाही सगळं कळत होतं असं नाही. ऐकताना मी तिचा नेहमीचा आवाज शोधत असायचो, चहा घेणार का म्हणून विचारणारा.

एकदा मी तिकडे गेलो. मामांजवळ भाऊ आणि वहिनी येऊन राहिले. तिचा प्रयोग होता, त्यात तिनं केलेली मुलगी शेवटी मरते. ती मेली आणि सगळं थिएटर उठून उभं राहिलं. मीही उभा राहिलो. शेजारची बाई रडत होती, तिनं माझ्याकडे रुमाल मागितला. प्रयोगानंतर मागच्या दारापाशी सही घ्यायला लोक थांबले होते, त्यांच्या मागे मी. तिनं मला पाहिलं, पुढे बोलावलं आणि सगळ्यांना सांगितलं, हा माझा नवरा. लोकांनी हात मिळवले. एकानं विचारलं, "तुम्हीही गाता का?"

"नाही, मी ब्रेक बनवतो," मी म्हणालो. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी मी पिठल्यासाठी फोडणी टाकायला घेतली. ती पळतच आली. "नको, नको, ठसका लागला तर उद्याची तालीम गेली." मी गॅस बंद केला. मूगडाळीची पांढरी खिचडी केली आणि आम्ही ती दह्याबरोबर खाल्ली. खाता खाता मी विचारलं, "तू परत येशील असं तुला वाटतं का?"

"कुठं येऊ?" ती म्हणाली. "तिथं मी काय गाणार? कुणाबरोबर?"

"मग मी येतो."

"ये ना." ती लगेच म्हणाली. मग म्हणाली, "पण मीच कुठल्या गावात महिना-दीड महिन्याच्या वर नसते. तू राहणार कुठं? करणार काय?" आणि थोड्या वेळानं, "आणि आबांचं काय?"

ती वडिलांना आबा म्हणायची. आम्ही भांडलो असतो तर बरं झालं असतं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली आणि तशीच झोपली.

मग दोन कामांच्या मध्ये मोकळे दिवस मिळाले म्हणून ती पिंपरीला आली. चिंचवडच्या नाट्यगृहात तिचा सत्कार ठरला. पुण्याहून पियानो वाजवणारा एक जण आणला होता. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, मग ती गायला उभी राहिली. साउंडवाला धावत माइक घेऊन आला. तिनं नको म्हटलं. तो पुन्हा आला. तिनं पुन्हा नको म्हटलं. ती गायली. एसीची घरघर, खुर्च्यांचे आवाज, कुणाचे फोन, या सगळ्याच्या वरून तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. लोकांनी बऱ्यापैकी टाळ्या वाजवल्या. मग मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, आता जयंतीचं एक होऊन जाऊ द्या!" सगळं नाट्यगृह एकदम जागं झालं. मामा पहिल्या रांगेच्या कडेला चाकाच्या खुर्चीत बसले होते. ते ताठ झाले.

तिनं त्यांचंच गाणं घेतलं. तिच्या लहानपणी ते चौकात म्हणायचे ते. पहिल्याच ओळीला मला समजलं, काहीतरी चुकतंय. सूर बरोबर होते, सगळं बरोबर होतं. पण आवाज तोंडाच्या आत गोल होऊन बाहेर येत होता, आणि शब्द त्यात बुडून जात होते. टाळीवर ठेका धरलेले लोक दुसऱ्या कडव्याला थांबले. तिलाही ते कळलं. तिनं डोळे मिटले, गळा सैल सोडून पाहिला, तर आवाज फाटला. तिनं गाणं लवकर संपवलं. मामा मांडीवरच्या आपल्या मेलेल्या हाताकडे बघत होते.

आम्ही घरी आलो. जेवणं झाली. शेवटी तीच म्हणाली, "आबा, कसं झालं?"

"तुझं गाणं लई मोठं झालं, पोरी," ते म्हणाले. "शब्द तेवढे ऐकू आले न्हाईत."

ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याला टेकून ती ते गाणं हळू आवाजात म्हणून बघायला लागली. एकदा, पुन्हा एकदा. दर वेळी तो दुसराच आवाज यायचा. मी दारात उभा होतो. ती वळून म्हणाली, "तो जुना आवाज माझ्याकडे नाहीये रे आता. मी तो काढूनच टाकलाय." आतून मामांनी हाक मारली, "असू दे गं. झोप आता. तुला घसा जपायचाय." तिनं तोंडावर पाणी मारलं. चौथ्या दिवशी ती गेली.

ती गेल्यावर मामा खंगले. बोलायचे तेवढेच, पण जेवण कमी झालं. एक दिवस तेल लावताना मला म्हणाले, "हे बगा, मी गेलो आन् त्या टायमाला तिचा कारेक्रम असला, तर आदी सांगू न्हाई. झाल्यावर सांगा. मला वचन द्या."

"मामा, असं काय बोलता?"

"वचन द्या."

मी दिलं. ते अंथरुणाला खिळलेले होते, माझ्या मनगटावर त्यांचा चांगला हात घट्ट होता. दुसरं काय करता येणार होतं?

उन्हाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि तीन-चार दिवसांत संपलं. ते पहाटे गेले. त्याच दिवशी तिचा आजवरचा सगळ्यात मोठा प्रयोग होता, ज्या थिएटरचं नाव ती शिकत असताना नुसतं दबक्या आवाजात घ्यायची तिथला. दुपारी तिचा मेसेज आला, 'आज गप्प. आबांना सांग.' आम्ही तेव्हा स्मशानातून नुकते परतलो होतो. मी उत्तर दिलं नाही. प्रयोग संपल्यावर मी फोन केला. मागे लोकांचा गलका होता, कुणीतरी तिला हाका मारत होतं. मी सांगितलं.

मागचा गलका कमी झाला, ती बाजूला गेली असावी. मग तिनं विचारलं, "कधी?"

"पहाटे."

"मग मला आत्ता का सांगतोयस?"

"त्यांनी वचन घेतलं होतं."

"तुम्ही दोघांनी ठरवून टाकलंत," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "मला कुणीच विचारलं नाही. मी थांबले असते की गायले असते, हे मला आता कधीच कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिकडच्या पेपरांत तिच्याविषयी फार चांगलं छापून आलं. मी कामावर परतलो तेव्हा बसमधल्या शेजाऱ्यानं ते मला मोबाइलवर दाखवलं, भाषांतर करून. वहिनींनी प्रेक्षकांना हलवून सोडलं, असं त्यात होतं.

ती मामांच्या मरणानंतरच्या जलदानविधीला आली. विहारातल्या भन्तेजींनी वंदना घेतली तेव्हा ती ओठ हलवत होती, आवाज काढला नाही. लोक गेल्यावर आम्ही दोघं मामांच्या रिकाम्या पलंगावर बसलो. आता इथं मला अडकवणारं कुणी नव्हतं, पण तिकडे मला बोलावणारंही कुणी नव्हतं. तिची पुढच्या तीन वर्षांची कामं ठरलेली होती. कामांमध्ये मोकळे राहिलेले दिवस तिनं मला मोजून दाखवायला घेतले आणि मध्येच थांबली.

"मी वाईट आहे का रे?" तिनं विचारलं.

"नाही."

"तूही नाहीस," ती म्हणाली, आणि त्यानंतर आम्हाला दोघांनाही कळलं, की आता हे संपलं आहे.

घटस्फोट दोघांच्या संमतीनं झाला. वकिलांना कारण लिहायला अवघड गेलं. ती आता अमेरिकेतही गाते. तिला शिकवणाऱ्या बाई गेल्या, हे तिनं मला कळवलं होतं, तेवढंच. आमच्या कारखान्यातली माझी लाइन गुजरातला हलवली. मला इथंच ठेवलं, पण काम स्टोअरचं दिलं. संत तुकाराम नगरचं घर मी सोडलं आणि चाकणला खोली घेतली. तिच्या चित्रफिती मी बघत नाही. एकदा लावली होती, दोन मिनिटांत बंद केली.

आई अजून स्थळं बघते. मध्ये तिच्या आग्रहाखातर मी हिंजवडीत एका बाईंना भेटलो. आयटीत होत्या, त्यांचाही घटस्फोट झालेला. आम्ही हॉटेलात कॉफी घेतली. त्या मोकळ्या होत्या, मला बऱ्या वाटल्या. त्यांनी विचारलं, "तुमचं नेमकं कशावरून बिनसलं?"

मी खूप विचार करून म्हणालो, "कुणाचंच काही चुकलं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्या नवऱ्याचं चुकलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यामुळे मला राग काढायला जागा तरी होती. तुमचं अवघड आहे."

त्यांची कॅब आली. त्या उठल्या, हसून बाय म्हणाल्या. पुढे दोन आठवडे आई रोज विचारत होती, काही फोन आला का. आला नाही.